गावच्या घंटेचा मनोरा

पायाखालच्या दगडांवर चिखल आहे, कानांवर छिन्नीचा आवाज येतो आहे. साल १४६३. तुम्ही उत्तर फ्रान्समधल्या आरास गावच्या चौकात उभे आहात. नाव ऐकून तुम्हाला गणपतीपुढची आरास आठवेल. खरोखरच हे गाव भिंती सजवायच्या विणलेल्या पडद्यांसाठी युरोपभर नावाजलेलं; इटलीत अशा पडद्याला आजही ‘अराझ्झो’ म्हणतात.

समोर मनोऱ्याचा पाया घातला जातोय. त्यात टांगायची घंटा देवळाची नाही, सरदाराचीही नाही, गावाची. आग लागली, शत्रू दिसला, तर तिने गावाला जागं करायचं. पाया रचणाऱ्या पाथरवटाकडे नीट बघून घ्या. त्याला कळस दिसणार नाही. तुम्ही मात्र ९१ वर्षं ओलांडून १५५४ मध्ये या आणि मान वर करा. पंचाहत्तर मीटरांवर सिंह उभा आहे.

आता ऑक्टोबर १९१४. ऐतिहासिक वास्तूंना संरक्षण देणारा फ्रान्सचा कायदा होऊन वर्षही झालेलं नाही, आणि गावाबाहेर जर्मन तोफा आहेत. सात तारखेला मनोऱ्याला चिकटून असलेलं नगरभवन जळतं. धूर घशात जातो, डोळे चुरचुरतात. मनोरा अजून उभा आहे, म्हणून तुम्ही रोज सकाळी तिकडे बघता. एकवीस तारखेला तोही कोसळतो.

खाली उतरा. चौकाखाली खडूसारख्या पांढऱ्या दगडाची तळघरं आहेत, शहराखाली जुन्या खाणी. न्यूझीलंडच्या बोगदेकऱ्यांनी त्या खाणी एकमेकींना जोडल्यात. एप्रिल १९१७: हल्ल्याची वाट पाहत इथे हजारो सैनिक बसलेत. भिंतीला हात लावा. थंड आणि ओलसर लागेल.

वर आलात की १९३२ साल आहे आणि सिंह पुन्हा जागेवर आहे! वास्तुविशारद पिएर पाके यांनी आत काँक्रीट घालून, बाहेरून जुनं रूप जसंच्या तसं उभं केलंय. चौकांभोवतीची शंभरावर घरंही तशीच सावरली आहेत. ही नक्कल आहे, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. राखेतून तीच रेघ पुन्हा ओढण्यासाठी गावाने खर्ची घातलेली वर्षंही या वास्तूचाच इतिहास आहेत, आणि कायदा आज जपतो तो हा सगळा इतिहास. संरक्षित वास्तूभोवतालच्या ५०० मीटरच्या टापूत, १९४३ पासून, तिच्या दृष्टिपथातली खिडकीसुद्धा परवानगीशिवाय बदलता येत नाही.

२००५ साली युनेस्कोने या मनोऱ्याला जागतिक वारसा यादीत घेतलं. चौकात शनिवारचा बाजार अजून भरतो. कधी गेलात, तर आधी तळघरात उतरा आणि मगच मनोऱ्यावर चढा.