मुसाफिराची साक्ष

कुंडलिकेच्या एका तीरावर रोहा, दुसऱ्या तीरावर अष्टमी. पूल ओलांडून मोहल्ल्यात प्रथमच येणारा पाहुणा कधी कधी हळूच विचारतो, "इथं रात्री फिरायला काही भीती नाही ना?" आम्ही हसून उत्तर देतो, पण मनाला लागतेच. परका माणूस एखादे गाव सुरक्षित कशावरून ठरवतो? याच नदीच्या मुखाशी असलेल्या चौलचा इतिहास या बाबतीत काही सांगतो.

हिजरी ३०४, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास बगदादचा प्रवासी अल-मसूदी चौलला आला. अरब या बंदराला सैमूर म्हणत. कोकणात तेव्हा राष्ट्रकूटांचा मांडलिक शिलाहार राजा झंझ राज्य करीत होता. मसूदीने इथे सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती नोंदवली आहे. सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले व्यापारी आणि त्यांची इथेच जन्मलेली संतती. त्यांचे व्यवहार पाहायला त्यांच्यातलाच एक प्रमुख असे. त्याला हुनरमन म्हणत. राष्ट्रकूटांच्या मुलखात मशिदी आहेत, इस्लामला मान आणि संरक्षण आहे, अशी साक्ष मसूदी देतो. हिंदू राजाच्या राज्यात परक्याला दाद मागायला जागा होती.

पुढे साडेपाच शतकांनी, बहामनी काळात, रशियाचा व्यापारी अफनासी निकितिन याच चौलला उतरला. गोरा माणूस पाहायला लोक त्याच्या मागे मागे फिरत. जुन्नरला मात्र तिथल्या खानाने त्याचा घोडा हिसकावला. 'मुसलमान हो, घोडा परत देतो, वर हजार मोहरा देतो,' असे म्हणून चार दिवसांची मुदत दिली. त्या मुदतीत एक खुरासानी मुसलमान तिथे आला. निकितिनने त्याला गळ घातली. त्याने खानाकडे शब्द टाकला, घोडा परत मिळवून दिला आणि निकितिनचा धर्मही राखला.

जुलूम करणारा आमचाच आणि सोडवणाराही आमचाच. आम्ही पहिल्याला झाकतो, इतर काही जण दुसऱ्याला विसरतात. निकितिनने मात्र दोघांनाही आपल्या वहीत जागा दिली.

आज कोलाडला याच कुंडलिकेत राफ्टिंगला येणारा पर्यटक लाइफ जॅकेट तपासून घेतो. माणसे मात्र ऐकीव गोष्टींवर जोखतो. त्याला दोष देऊन भागणार नाही. जकातीच्या आठ हकदारांत मुसाफिरही आहे, हे आपण जाणतो. त्याचा हक्क केवळ पैशाचा नाही. अडचणीत त्याच्या बाजूने उभे राहण्याचाही आहे.

आमची मुले पुण्या-मुंबईत खोली शोधायला जातात, तेव्हा तीही परकीच असतात. इथे आपल्यासाठी शब्द कोण टाकील, हा निकितिनचा प्रश्न त्यांनाही पडतो. म्हणून पुलावरून येणाऱ्या पाहुण्याच्या प्रश्नावर रागावण्याचा अधिकार आम्हाला नाही. त्याला घरापर्यंत सोबत करणे, एवढेच आमच्या हातात आहे.