रक्ताची पारख

परीक्षानळींत कांहीं दिसलें नाहीं म्हणजे तींत कांहीं घडलेंच नाहीं, असें समजण्याची चूक विद्वानांच्या हातूनही होते. रक्तपरीक्षेचा इतिहास हा बव्हंशीं या एका चुकीच्या दुरुस्तीचा इतिहास होय, असें आम्हांस वाटतें.

१९०१ सालीं व्हिएन्ना येथें कार्ल लँडस्टायनर यांनीं आपलें व सहकाऱ्यांचें रक्त घेऊन एकाचें रक्तजल दुसऱ्याच्या तांबड्या पेशींत मिसळून पाहिलें. कोठें पेशी मोकळ्या राहिल्या, तर कोठें त्यांच्या गुठळ्या बनल्या. पेशींच्या आवरणावर ‘ए’ व ‘बी’ अशा उपजत खुणा असतात, आणि जी खूण आपणांपाशीं नाहीं तिच्याशीं वैर धरणारीं प्रतिपिंडें आपल्या रक्तजलांत असतात, हें त्यावरून उलगडलें.

परंतु कित्येक प्रतिपिंडें पेशींस चिकटतात खरीं, पण दोन पेशींना एकत्र बांधण्याइतकी त्यांची पोंच नसते. गुठळी होत नाहीं, परीक्षक निर्धास्त होतो, आणि तेंच रक्त रोग्याच्या अंगांत गेल्यावर अनर्थ ओढवतो. हा छुपा शत्रु १९४५ सालीं केंब्रिज येथें कूम्ब्स, मूरंट व रेस यांनीं उघडा पाडला. पेशी मिठाच्या पाण्यानें पुनःपुन्हां धुवाव्या, म्हणजे न चिकटलेलीं प्रतिपिंडें वाहून जातात. मग मानवी प्रथिन टोंचलेल्या सशाचें रक्तजल त्यांत घालावें. पेशींस चिकटून बसलेलीं प्रतिपिंडें तें धरतें आणि गुठळी दिसूं लागते. हेंच तत्त्व कार्लो मोरेस्की यांनीं १९०८ सालीं दाखविलें होतें. जगास त्याचा विसर पडला होता!

याच्या पुढचा धडा आमच्या मुंबईनें दिला. १९५२ सालीं डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक अपूर्व रक्त प्रसिद्धीस आणलें. त्याच्या पेशींवर ‘ए’ नाहीं, ‘बी’ नाहीं. म्हणून तें ‘ओ’ भासे. पण त्याचें रक्तजल ‘ओ’ पेशींच्याही गुठळ्या करी! ‘ए’ व ‘बी’ ज्या पायावर उभ्या राहतात ती ‘एच’ नांवाची खूणच या पेशींवर नव्हती. अशा मनुष्यास ‘ओ’ रक्त देणें म्हणजे त्याचा प्राण संकटांत घालणें होय. पेशींवर केवळ ‘ए’ व ‘बी’ या खुणा तपासल्या तर हा भेद कळत नाहीं. रक्तजलाची ‘ओ’ पेशींशीं गांठ घालून पाहिली तर कळतो.

न्यायसभेंत एकाच पक्षाचें म्हणणें ऐकून निकाल देऊं नये, असा दंडक आहे. परीक्षानळीपुढें बसणारासही तो तितकाच लागू आहे, कारण त्याच्या निकालावर कोणाचें तरी जीवित अवलंबून असतें.