पिशवीतला मासा आणि वाळणचा कोंड

आजचा भाग गडकिल्ल्यांचा नाही, लढाईचाही नाही. आज मी माशांबद्दल बोलणार आहे, आणि तेही खायच्या नव्हे. कोकणातला माणूस असूनही!

झालं असं. माझी बहीण पोलादपूरला दिलेली. तिच्या मुलाचा, म्हणजे माझ्या भाच्याचा, वाढदिवस होता. मी शहरातून येणार होतो, म्हणून फोनवर फर्माईश आली, "मामा, मासे आण." शहरातल्या एका मोठ्या, चकचकीत दुकानात गेलो. नाव घेत नाही, कारण अशी दुकानं सगळीकडे सारखीच असतात. वरच्या मजल्यावर, कुत्र्यांच्या खाण्याच्या पोत्यांशेजारी, फायटर मासे प्लॅस्टिकच्या पेल्यांत मांडून ठेवलेले. एका पेल्यात एक मासा, त्याला धड वळताही येत नव्हतं. खालच्या पेल्यातला एक तर मेलेला होता आणि त्यावरही किमतीची चिठ्ठी तशीच होती. मला तेव्हाच मागे फिरायला हवं होतं. फिरलो नाही. दोन गोल्डफिश आणि एक गोल काचेचं भांडं घेतलं. "रोज चिमूटभर खाणं टाका, आठवड्याला पाणी बदला," एवढंच त्या पोराने सांगितलं. त्यालाही तेवढंच शिकवलेलं असणार.

पनवेल, वडखळ, माणगाव, महाड करत पोलादपूरला पोचेपर्यंत मासे पिशवीत ठणठणीत होते. पिशवी उघडली, मासे भांड्यात सोडले. एक रात्रीच गेला, दुसरा तिसऱ्या दिवशी. भाचा रडला नाही, त्याने फक्त विचारलं, "मामा, पिशवीत जिवंत होते ना?"

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी वाचायला लागलो. उत्तर असं आहे, की बंद पिशवीत मासा श्वास सोडतो त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने पाणी आंबट होत जातं. माशाने टाकलेला अमोनिया अशा आंबट पाण्यात फारसा विषारी राहत नाही. पिशवी उघडली, की तो वायू उडून जातो, पाण्याचा आंबटपणा कमी होतो आणि तोच साठलेला अमोनिया बघता बघता विष बनतो. त्यात नवं भांडं. दह्याला विरजण लागतं तसं माशाच्या पाण्यालाही लागतं. अमोनिया पचवणारे जिवाणू काचेवर, वाळूवर, गाळणीत वसायला काही आठवडे जातात. हे विरजण लागण्याआधी मासा सोडणं म्हणजे त्याला त्याच्याच घाणीत कोंडणं. आणि गोल्डफिश हा काही बोटाएवढा राहणारा जीव नव्हे. नीट सांभाळला तर फूटभर वाढतो, कित्येक वर्षं जगतो. वाटीएवढ्या भांड्यात तो लहान राहतो कारण तो खुरटतो.

गंमत बघा, हे ज्ञान नवं नाही. १८५० साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या भांड्यात गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून दाखवलं, की या तिघांचा मेळ जमला तर पाणी टिकतं. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचं घर उघडलं. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस याचं पुस्तक आलं आणि 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द घराघरांत गेला. म्हणजे या छंदाची सुरुवातच मुळी पाण्याच्या अभ्यासातून झाली. मासा नंतर. दुकानदारीने हे उलटं केलं. मासा विकायचा, पाण्याबद्दल बोलायचं नाही.

आपल्याकडे मुंबईत १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं. आमच्या शाळेच्या सहली तिथे जायच्या आणि महाड-पोलादपूरकडच्या पोरांनी काचेमागचा मासा पहिल्यांदा पाहिला तो तिथेच. पुढे दिवाणखान्यात टाकी आली, मग वास्तुशास्त्राच्या नावाखाली फ्लॉवरहॉर्न आणि अरोवाना आले. आजार, धंद्यातली खोट, सगळं म्हणे मासा अंगावर घेतो. तो मेला की घरावरचं संकट टळलं! अशा घरात मासा का मेला हे कोण विचारणार?

सगळ्यात वाईट गोष्ट मला वाटते ती रंगवलेल्या माशांची. गंगेच्या खोऱ्यातला आपलाच एक इवलासा मासा आहे, काचेसारखा पारदर्शक, आतला काटा न् काटा दिसतो. शास्त्रीय नाव पॅरंबॅसिस रँगा, १८२२ साली हॅमिल्टनने नोंदवलेला. दुसऱ्या कोणाला हे रूप पुरलं असतं. बाजाराला पुरलं नाही. सुईने अंगात गुलाबी, हिरवा, निळा रंग टोचून तो जगभर विकला गेला. वाचलेल्यांचा रंगही काही महिन्यांत उतरतो.

आता महाडला येऊ. महाडहून रायगडाच्या बाजूला, आत काळ नदीवर वाळण गाव आहे. तिथे नदीला एक खोल डोह आहे, वाळण कोंड. काठावर वरदायिनी देवीचं ठाणं. या डोहातले महसीर देवीचे मासे. त्यांना कोणी गळ टाकत नाही, जाळं टाकत नाही. लोक चुरमुरे टाकतात आणि पाणी अक्षरशः उकळल्यासारखं होतं. आधी लहान मासे वर येतात, मग मोठे, मग त्याहून मोठे, असे सात थर आहेत असं लोक सांगतात. मी सात मोजले नाहीत, पण हाताएवढे मासे पाहिलेत.

महसीरांपैकी एका जातीचं शास्त्रीय नाव 'टॉर खुद्री'. ईस्ट इंडिया कंपनीच्या कर्नल साइक्सने १८३९ साली दख्खनच्या माशांवर निबंध छापला, त्यात पुण्याजवळच्या मुळा-मुठेच्या पाण्यातला हा मासा आहे. त्याने इथली नावंच लॅटिनमध्ये बसवली, म्हणून खुद्री, कोळस अशी आपली नावं आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. वाड्याजवळ वैतरणेवर तिळशालाही असेच राखलेले मासे आहेत. त्याहून मागे जायचं तर अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात ठरावीक दिवशी मासे मारू नयेत आणि विकूही नयेत, असा हुकूम आहे. 'विकूही नयेत' हे मला महत्त्वाचं वाटतं.

पण इथे एक गोष्ट बोललीच पाहिजे, नाहीतर हे सगळं फार गोड होईल. याच महाडात चवदार तळं आहे. १९२४ साली नगरपालिकेने ते सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला, तरी गुरं ज्या पाण्याला तोंड लावत ते अस्पृश्य मानलेल्या माणसांना शिवता येत नव्हतं. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. तेव्हा 'आपली संस्कृती प्राणिमात्रांवर दया करणारी' वगैरे भाषण मी वाळणच्या माशांवर करणार नाही. त्या कोंडातल्या माशांना वाचवलं ते देवीच्या धाकाने आणि गावाने पिढ्यान्पिढ्या ठेवलेल्या राखणीने. शिवाय तिथे राखला जातो तो डोह. मासे त्यात आपोआप आले.

दुकानातल्या माशाला देवी नाही. मग त्याला काय आहे? कायदा आहे! १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव, म्हणजे मासाही आला. हालचालीला पुरेशी जागा नसलेल्या भांड्यात प्राणी कोंडणं हा त्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. त्या दुकानात माझ्या हातातलं गोल भांडं याहून कितीतरी महाग होतं. मे २०१७ मध्ये केंद्राने मत्स्यालयं आणि शोभेच्या माशांच्या दुकानांसाठी वेगळे नियम काढले, त्यात गोल भांड्यांवरही बंदी होती. व्यापाऱ्यांनी ओरड केली आणि ते नियम मागे घेतले गेले. व्यापाऱ्यांचं सगळंच खोटं होतं असं नाही, यावर लहान लहान घरं चालतात. पण पेल्यातल्या फायटरचा प्रश्न तिथल्या तिथेच राहिला.

गेल्या महिन्यात भाच्याला वाळणला नेलं. चुरमुरे संपले तरी तो उठेना. परत येताना गाडीत म्हणाला, "मामा, आपल्याला परत मासे आणायचे?" मी म्हटलं, आणू, पण आधी पाणी. गोल भांड्यात आता बहिणीने मनी प्लँट लावलाय. तिच्या ओटीवर लांबट काचेची टाकी आहे, तळाला वाळू, एक गाळणी आणि व्हॅलिस्नेरियाच्या चार काड्या. मासा एकही नाही. भाचा रोज संध्याकाळी त्या रिकाम्या टाकीसमोर बसतो आणि शेजारची पोरं त्याला हसतात. अजून तीन आठवडे आहेत.