कुबडवाल्या माशाची वही

इंग्लंडात माशांनाही जात असते. सामन आणि ट्राउट हे वरच्या वर्गातले. त्यांना ‘गेम फिश’ म्हणतात. गोड्या पाण्यातले बाकीचे बहुतेक सगळे, म्हणजे कार्प, रोच, ब्रीम, पाइक, बार्बेल, हे ‘कोर्स फिश’. कोर्स म्हणजे भरड, आपल्या भरड धान्यातलं भरड. सामनच्या नद्या जमीनदारांच्या, तिथे गळ टाकायचा तर खिसा भरलेला हवा. भरड मासे मात्र कालव्यात, तळ्यात, गावाजवळच्या संथ नदीत मिळायचे. त्यामुळे कारखान्यातल्या आणि खाणीतल्या कामगारांचा रविवार त्यांच्याच काठावर जायचा. मासा पकडायचा, वजन करायचं, मित्रांना दाखवायचा आणि परत पाण्यात सोडायचा. आपल्याकडे हे ऐकून कुणीही विचारेल, ‘मग कालवणाचं काय?’ पण तिथे कालवणाचा विषयच नसतो.

या मंडळींनी पुढे चार मित्र जमवून परदेशात सुट्ट्या काढायला सुरुवात केली. १९८०च्या दशकात दक्षिण फ्रान्समधला सें-कासियाँ तलाव मोठ्या कार्पसाठी त्यांची पंढरी झाला. नंतर स्पेनची एब्रो नदी आली. तिथला अजस्र वेल्स कॅटफिश मुळात तिथला नव्हेच. १९७४ साली एका जर्मन जीवशास्त्रज्ञाने तो मेकिनेन्साच्या जलाशयात सोडला. आज त्याच माशावर तिथे पर्यटनाचा धंदा चालतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

या यादीतलं एक ठिकाण माझ्या ऑफिसपासून साधारण शंभर किलोमीटरवर आहे. मी बंगळुरात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. वीकएंडला आमची टीम कावेरीकाठच्या भीमेश्वरीला जाते, लाइफ जॅकेट घालून कयाक चालवते, फोटो काढते आणि परत येते. एकेकाळी याच काठावर इंग्लंडहून लोक वर्षभर पैसे साठवून एका माशासाठी यायचे, हे मला बऱ्याच उशिरा वाचनातून कळलं.

तो मासा म्हणजे महाशीर. कुळाने कार्पचाच भाऊबंद, म्हणजे इंग्रजी हिशोबाने भरड. पण ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्याला सामनच्या पंगतीत बसवलं. मद्रास सिव्हिल सर्व्हिसमधल्या हेन्री सलिव्हन थॉमसने १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिलं आणि महाशीर गळाला लागल्यावर सामनपेक्षा जास्त झुंजतो, असं ठासून सांगितलं. कावेरीच्या खोऱ्यातला महाशीर तर सगळ्यांत मोठा. पाठीवर उंच कुबड, अंगावर सोनेरी झाक. म्हैसूरच्या व्हॅन इंगन या प्राणी पेंढा भरून देणाऱ्या प्रसिद्ध घराण्यातल्या एकाने १९४६ साली कावेरीची उपनदी कबिनीत १२० पौंडांचा, म्हणजे साधारण ५४ किलोचा महाशीर धरला. तो विक्रम गाजला.

स्वातंत्र्यानंतर साहेब गेले आणि हा मासा उरलाय की संपला, हेही बाहेर कुणाला नीट माहीत नव्हतं. नदीत सुरुंग लावून मासे मारणं सर्रास चालू होतं. १९७७ मध्ये ‘ट्रान्स वर्ल्ड फिशिंग टीम’ असं भारदस्त नाव घेतलेले तीन इंग्रज मित्र महाशीर शोधत भारतात आले. कावेरीत त्यांना मोठे मासे सापडले आणि बातमी इंग्लंडात पोचली. १९८२ साली जेरेमी वेड आला. पुढे ‘रिव्हर मॉन्स्टर्स’मुळे जगभर ओळखला गेलेला हाच तो, परदेशातली त्याची पहिली मासेमारीची सफर भारतातली होती. ‘गो फिशिंग’ मालिकेचा जॉन विल्सनही आला. रविवारी घराजवळच्या कालव्यावर बसणाऱ्या इंग्रज माणसाच्या टीव्हीवर कावेरी दिसू लागली.

मग कॅम्प उभे राहिले: भीमेश्वरी, गालिबोरे, दोड्डमक्कळी. दिवस ठरलेला असायचा. पहाटे टोपलीसारख्या गोल होडीतून खडकांपर्यंत जायचं. गळाला शिजवलेल्या नाचणीचा घट्ट गोळा लावायचा. भरड माशाला भरड धान्य! मासा लागला की वजन करायचं, फोटो काढायचा, सोडून द्यायचा. वाटाड्ये आसपासच्या गावांतले. त्यांतले काही पूर्वी चोरून मासे मारणारे होते. नदी त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक असणार? जिवंत माशावर आता त्यांचा पगार निघत होता, त्यामुळे सुरुंगवाल्यांवर तेच नजर ठेवू लागले.

आणि रोज संध्याकाळी वही भरली जायची. किती तास गळ टाकला, किती मासे लागले, वजन किती. अशा वहीमागे विज्ञान नसतं; मित्रांमध्ये कोणाचा मासा मोठा, हा प्रश्न असतो. माझ्या कामात याला लॉग म्हणतात. लिहिणारा कंटाळून लिहितो, पण काही बिघडलं की सगळे आधी तोच उघडतात.

इथेही तसंच झालं. वन्यजीव कायद्याखाली अभयारण्यात गळ टाकायला बंदी आली आणि २०१२पर्यंत हा खेळ थांबला. त्यानंतर संशोधकांनी गालिबोरेच्या १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी तपासल्या. त्यात ६ हजारांहून जास्त महाशीर होते. पहिला निष्कर्ष सुखावणारा होता: तासाला लागणारे मासे वाढले होते, म्हणजे राखण केल्याने नदी भरली होती. पण मासे वेगळे करून पाहिल्यावर चित्र बदललं. वाढले होते ते निळसर परांचे महाशीर. कुबडवाला सोनेरी मासा जवळजवळ नाहीसा झाला होता.

हे निळसर महाशीर आले कुठून? इथे गोष्ट आपल्या दारात येते. १९७०च्या दशकात टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याला वळवणच्या धरणाजवळ महाशीरचं बीजोत्पादन सुरू केलं. धरणांमुळे नद्या अडल्या होत्या, महाशीर घटत होता, आणि तो वाचवण्याचा हा मनापासूनचा प्रयत्न होता. तिथली पिल्लं अनेक राज्यांत गेली, कावेरीतही सोडली गेली. पुढे कर्नाटकातही हेच बीज तयार होऊ लागलं. महाशीर म्हणजे महाशीर, असं तेव्हा सगळेच समजत होते. दख्खनचा मासा कावेरीत रुजला आणि तिथल्या मूळ माशाची जागा व्यापत गेला, असं संशोधक मानतात. एब्रोत माणसाने परका मासा शौकासाठी सोडला. कावेरीत तो वाचवण्यासाठी सोडला.

आता नावांकडे बघा. निळसर परांच्या महाशीरचं शास्त्रीय नाव ‘टोर खुद्री’. ते मराठी मुलखातलं आहे. कर्नल विल्यम साइक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी, म्हणजे पेशाने मोजणारा माणूस. त्याने दख्खनचे मासे नोंदवताना इथल्या लोकांच्या तोंडची नावं तशीच उचलली. बसक्या नाकाच्या एका माशाचं शास्त्रीय नाव आजही ‘नुक्ता’, म्हणजे आपलं नकटा. खुद्रीचं वर्णन त्याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून १८३९ साली छापलं.

कावेरीच्या कुबडवाल्याच्या नशिबी हे नव्हतं. दीडशे वर्षं त्याच्यावर पुस्तकं निघाली, त्याचे विक्रम झाले, त्याच्यासाठी माणसं समुद्र ओलांडून आली; पण तो नेमका कोण, याचा घोळ सुटला नव्हता. केरळातल्या पांबार या कावेरीच्याच उपनदीतल्या छोट्या माशांना ‘टोर रेमादेवी’ हे नाव आधी मिळालेलं होतं. मोयार नदीतले मासे तपासून कुबडवाला तोच आहे, हे २०१८ साली जाहीर झालं. त्याच वर्षी आययूसीएनच्या यादीत त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून झाली, तर खुद्री सगळ्यांत कमी चिंतेच्या रकान्यात गेला.

सुट्टीवर आलेल्या या गोऱ्या मित्रमंडळींचा मला आधी थोडा रागच यायचा: आपल्या नदीत येऊन मासा ओढायचा, दमवायचा, फोटो काढायचा, ही कसली करमणूक? तो प्रश्न अजूनही आहे. माशाला गळ टोचतोच. पण त्यांची हौस नसती, तर कुबडवाला कधी आणि कसा गेला हे सांगणारा एकही आकडा आपल्या हातात नसता. आता काठावर गळ नाहीत, म्हणून नाचणीचे गोळे नाहीत, रोजची वहीही नाही. संरक्षण कागदावर पूर्वीपेक्षा कडक झालं, पण रोज संध्याकाळी मोजणारं माणूस गेलं.

भीमेश्वरीला पुढच्या महिन्यात आमची टीम पुन्हा जाणार आहे. कयाकमधून पाण्याखालचं काही दिसत नाही.