नाटकाचा पडदा थिएटरच्या दर्शनी भिंतीवर

जुन्या सिनेमांची पोस्टर जमवणारे बहुतेकजण मुंबईच्या चोरबाजारापासून सुरुवात करतात. माझे म्हणणे असे की सुरुवात कोल्हापुरातून करावी, आणि तीही नाटकाच्या पडद्यापासून.

साधारण 1910 ते 1916 या काळात पश्चिम भारतात नाटकाचे पडदे रंगवावेत ते कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव या मिस्त्री बंधूंनीच, असा लौकिक होता. संगीत नाटक मंडळ्या त्यांच्याकडे येत, पारशी-गुजराती कंपन्याही येत. लोक दोघांना ‘पेंटर’ म्हणू लागले आणि मिस्त्री हे आडनाव मागे पडले. 1916 मध्ये आनंदराव गेले. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे: बाबूरावांनी घडवलेला कॅमेरा, त्यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी, तिचा 1920 चा मूकपट ‘सैरंध्री’.

त्या इतिहासातली एक गोष्ट मात्र सहज वाचून पुढे जाण्यासारखी नाही. सिनेमाच्या चित्रीकरणात रंगवलेले पडदे लावण्याची रीत बाबूरावांनी मोडली आणि त्या जागी खरी खोली असलेले, भरीव सेट उभे केले. पडदे रंगवून नाव कमावलेल्या माणसाने सिनेमातून पडदाच काढून टाकला! माझ्या मते तो पडदा वाया गेला नाही. तो थिएटरच्या तोंडावर येऊन टांगला गेला आणि आपण त्याला बॅनर म्हणू लागलो.

यावर पहिला आक्षेप राजा रविवर्म्यांच्या बाजूने येतो. 1894 मध्ये त्यांचा छापखाना सुरू झाला आणि देवदेवतांची रंगीत चित्रे घरोघरी लागली. सिनेमाचे पोस्टर त्याच शिळाप्रेसचे अपत्य, असे म्हणतात. छापील पोस्टरपुरते मला हे मान्य आहे. पण भिंत झाकणारे कापडी बॅनर कुठल्या छापखान्यातून निघाले असते?

दुसरा आक्षेप पॅरिसच्या रस्त्यांवरून येतो: चित्रमय जाहिरात ही युरोपची देणगी. असेल. पण मुंबईत सिनेमा 1896 मध्ये पोचला, फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 मध्ये लागला, आणि तोवर जाहिराती मुख्यतः शब्दांच्याच होत्या. नुसत्या नकलेनेच काम भागणार असते, तर ते सतरा वर्षे अडले नसते. चित्र आले ते चित्रकार धंद्यात उतरल्यावर.

तिसरा आक्षेप खरा वजनदार आहे. नाटकाचा पडदा सरस घातलेल्या रंगांत व्हायचा. असा रंग पहिल्या पावसातच धुऊन जाईल. बॅनर तेलरंगात. मग नाते कसले? माझे उत्तर: रंग बदलला, हात बदलला नाही. छोट्या चित्रावर चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी कापडावर मोठ्या करून एकेक भरत जायचे. जवळून नुसते फटकारे दिसावेत आणि लांबून चेहरा उभा राहावा, ही नजर पडद्यावरच तयार झाली होती.

पहिल्या सचित्र पोस्टरचा मान कुणी 1923 च्या ‘वत्सलाहरण’ला देतात, कुणी 1924 च्या ‘कल्याण खजिना’ला. दोन्ही बाबूरावांचेच, म्हणजे भांडण कोल्हापूरच्या घरातले. माझा कौल ‘कल्याण खजिना’ला. शिवकालावरचा तो मूकपट आज पाहायला मिळत नाही, पण त्याचे पोस्टर टिकले आहे. ज्या सिनेमाची फिल्म गेली, त्याचा चेहरा एका कागदावर उरतो. संग्राहकाला याहून मोठे कारण लागत नाही.

पुढची वंशावळ सरळ आहे. दामले आणि फत्तेलाल याच परंपरेत घडले आणि 1929 मध्ये व्ही. शांतारामांसह त्यांनी कोल्हापुरातच ‘प्रभात’ फिल्म कंपनी काढली. मग आले कोल्हापूरचेच जी. कांबळे. शांतारामांच्या ‘राजकमल’मधून के. आसिफ यांनी त्यांना ‘मुघल-ए-आझम’साठी नेले. 1960 मध्ये मुंबईच्या मराठा मंदिरवर झळकलेले बॅनर त्यांचे, आणि राज्य शासनाने अधिकृत मानलेले शिवाजी महाराजांचे चित्रही त्यांचेच.

बॅनर दुर्मीळ का, याचे उत्तर कापडात आहे. सिनेमा उतरला की त्याच कापडावर पांढरा हात मारून पुढचा नायक रंगवला जाई. पोस्टर खळीने भिंतीला चिकटायचे आणि त्यावर पुढच्या शुक्रवारचे बसायचे. वाचले ते न लागलेले, वितरकाच्या गठ्ठ्यात घडी पडून राहिलेले. म्हणून 30 बाय 40 इंची जुन्या कागदावर घड्यांच्या रेघा दिसल्या तर नाक मुरडू नका. खालच्या कडेला छापखान्याचे नाव आणि कोपऱ्यात चित्रकाराची सही आहे का, ते आधी बघा.

कोल्हापुरात किंवा आसपास कुणाच्या माळ्यावर असा गठ्ठा असेल, तर त्याला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका, पुन्हा घडी घालू नका. मऊ कागदात सैल गुंडाळा आणि रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला दाखवा.