‘बख्तबुलंद’ : नावाचा अर्थ आणि इतिहास

नागपूर शहराची स्थापना करणाऱ्या गोंड राजाचे ‘बख्तबुलंद’ हे नाव विदर्भात सर्वपरिचित असले, तरी मुलाचे नाव म्हणून ते अत्यंत दुर्मिळ आहे. सावनेर तालुक्यातील कन्हानकाठचे खापा ज्या परिसरात येते, तो परिसर एकेकाळी याच राजाच्या अमलाखाली होता. देवगड ही त्याची राजधानी. तेथील किल्ला आज मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात आहे.

हे नाव फारसी आहे. ‘बख्त’ म्हणजे नशीब आणि ‘बुलंद’ म्हणजे उंच. ज्याचे भाग्य थोर तो बख्तबुलंद. ‘बुलंद’ हा शब्द मराठीत आवाजाच्या व किल्ल्याच्या वर्णनात रुळला आहे, तर ‘बख्त’ हा ‘कमबख्त’ या शब्दातून कानावर पडतो. बोलीतील ‘बखत’ मात्र वेगळा. तो अरबी ‘वक्त’पासून आलेला असून त्याचा अर्थ वेळ असा आहे. विशेष म्हणजे, फारसी ‘बख्त’ आणि संस्कृत ‘भाग्य’ यांचे मूळ एकच आहे. वाट्याला आलेले ते भाग्य, ही कल्पना दोन्हींत आहे.

हे नाव राजाला जन्माने मिळालेले नव्हते. गादीच्या वादात १६८६च्या सुमारास त्याने मोगल बादशहा औरंगजेबाचे साह्य मागितले. इस्लाम स्वीकारल्यावर त्याला राज्य व नवे नाव मिळाले. पुढे मोगल सैन्य मराठ्यांशी लढण्यात गुंतले असता त्याने बंड केले व मराठ्यांशी संधान बांधले. संतापलेल्या औरंगजेबाने त्याचा उल्लेख ‘निगूनबख्त’ असा करण्याचा हुकूम दिला. ‘निगून’ म्हणजे उलटा, खाली झुकलेला. अर्थात फुटक्या नशिबाचा. दिलेले नाव बादशहाने अशा रीतीने परत घेतले.

तथापि, हा हुकूम कागदावरच राहिला. बख्तबुलंदाने शेतकरी व कारागिरांना आपल्या मुलखात वसविले आणि १७०२ मध्ये बारा वाड्या एकत्र करून नागपूर वसविले. पुढे त्याचा पुत्र चांद सुलतान याने तेथे राजधानी आणली. बादशहाने दिलेले दुसरे नाव आज केवळ इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. शहराच्या स्मरणात पहिलेच उरले.