फ्रेंच ७५

फ्रेंच ७५ : जिन, लिंबाचा रस, साखर व शॅम्पेन यांपासून तयार करण्यात येणारे फेसाळ कॉकटेल. ते उंच, निमुळत्या पेल्यात अतिशय थंड असे देतात. यूरोप-अमेरिकेत वाङ्‌निश्चय, विवाहाचा वाढदिवस किंवा दोघांनीच एकत्र घ्यावयाचे भोजन अशा प्रसंगी ते विशेषेकरून रूढ आहे. त्याचे नाव मात्र एका तोफेवरून पडले आहे. फ्रेंच सैन्याने १८९७ साली स्वीकारलेली ७५ मिमी. व्यासाची ही मैदानी तोफ जलद माऱ्यासाठी प्रसिद्ध होती आणि पहिल्या महायुद्धात ती फ्रान्सच्या प्रतिकाराचे प्रतीक बनली. पेयाच्या अनपेक्षित तडाख्यामुळे हे नाव पडले, असे सामान्यतः सांगतात. नावाचा उगम याप्रमाणे विसाव्या शतकातील असला, तरी पेयाची घडण त्याहून सु. तीन शतकांनी जुनी आहे. तिचे मूळ शोधताना पॅरिसहून सुरतेस व गोव्यास यावे लागते.

आंबट, गोड, तीव्र मद्य, ते सौम्य करणारा द्रव आणि सुगंधी द्रव्य ही पाच अंगे ‘पंच’ या पेयाची होत. पंच हा इंग्रजी शब्द ईस्ट इंडिया कंपनीच्या एका नोकराने १६३२ मध्ये लिहिलेल्या पत्रात आढळतो. जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याने तो ‘पाच’ या भारतीय संख्यावाचकावरून आल्याचे स्पष्टपणे नमूद केले आहे. फ्रायर १६७० नंतरच्या दशकात सुरत, मुंबई, जुन्नर, कारवार व गोवा या भागांत वावरला. या किनाऱ्यावरील इंग्रज गोव्याच्या अर्काने पंच बनवितात आणि सर्वोत्तम अर्क नेरूल येथे मिळतो, असे त्याने लिहिले आहे. माडाच्या ताडीचे ऊर्ध्वपातन करून हा अर्क काढीत. म्हणजे आजच्या माडाच्या फेणीचाच तो पूर्वज होय. या व्युत्पत्तीवर आक्षेपही घेतले गेले आहेत. जुन्या वर्णनांत घटकांची संख्या नेहमीच पाच नसते आणि हा शब्द खलाशांच्या बोलीतील पिंपाच्या नावावरून आला असावा, असे काही विद्वान मानतात. तथापि पेयाचे सर्वांत जुने तपशीलवार उल्लेख हिंदुस्थानातील वखारींशी निगडित आहेत, याविषयी फारसा वाद नाही. शब्दाविषयी शंका राहिली, तरी पेयाच्या जन्मभूमीविषयी ती उरत नाही.

या उल्लेखांपैकी एक प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. योहान आल्ब्रेख्ट फोन मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी १६३८ मध्ये सुरतेच्या इंग्रज वखारीत उतरला होता. वखारीचा प्रमुख आणि त्याचे काही व्यापारी आप्त दर शुक्रवारी सायंप्रार्थनेनंतर एकत्र जमत. त्यांच्या पत्नी इंग्लंडमध्येच होत्या व त्यांनी मायदेश सोडला तो वार शुक्रवार होता. त्याची आठवण म्हणून हे लोक त्या दिवशी दूरदेशी असलेल्या आपल्या पत्नींच्या आरोग्याचे चिंतन करून पेले रिते करीत. कोणी स्पॅनिश वाइन घेत, तर कोणी ‘पालेपुंत्झ’ घेत. हा ‘बोल ऑफ पंच’ या इंग्रजी शब्दांचा अपभ्रंश होय. मांडेल्स्लोने त्याचे घटक दिले आहेत : तीव्र मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस व साखर. काही मंडळी या बैठकीचा फायदा घेऊन पचेल त्याहून अधिक पीत, हेही नोंदविण्यास तो विसरलेला नाही. हिंदुस्थानचा प्रवास त्या काळी अनेक महिन्यांचा असे आणि परतीची शाश्वती नसे. हवामान व रोगराई यांमुळे वखारीतील अनेकांचा शेवट याच भूमीत होई. तेव्हा लिंबू, साखर व मद्य यांचे हे मिश्रण प्रेमाच्या प्रसंगी घेतल्याचा एक अगदी जुना दाखला मीलनाचा नसून विरहाचा आहे. त्यात वापरलेले फळ बहुधा कागदी लिंबू असावे. यूरोपात वापरले जाणारे मोठे, पिवळे, जाड सालीचे लिंबू हे निराळे फळ होय. त्याच्या सालीतील सुगंधी तेल पुढील काळातील कॉकटेलांत महत्त्वाचे ठरले.

पंच जहाजांमार्फत इंग्लंडला पोहोचले आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमधील पंचगृहांचे मुख्य आकर्षण बनले. जेम्स ॲशली याने १७३१ मध्ये लडगेट हिल येथे उघडलेले पंचगृह त्यांत विशेष गाजले. पंच मोठ्या वाडग्यात कालवीत आणि भोवती बसलेल्या मंडळींना त्यातून वाढून देत. ते स्वभावतःच मंडळीचे, आणि बहुधा पुरुषमंडळीचे, पेय होते. दोन माणसांच्या एकांताला त्या भल्या मोठ्या पात्रात जागा नव्हती. वाडग्याचा पेला कसा झाला आणि साध्या पाण्याच्या जागी फेस कसा आला, हाच या पेयाच्या उत्तरेतिहासाचा गाभा आहे.

फेसाचे दोन मार्ग होते. पहिला कृत्रिम. जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने लीड्स येथे घराशेजारच्या मद्यनिर्मितिशाळेत किण्वनकुंडावर साचणाऱ्या वायूचा अभ्यास केला व तो पाण्यात मिसळण्याची कृती १७७२ मध्ये प्रसिद्ध केली. जिनीव्हातील याकोब श्वेप याने असे पाणी विक्रीसाठी तयार करण्याचा उद्योग आरंभिला आणि १७९२ मध्ये तो लंडनला आणला. १८३० नंतरच्या दशकात लंडनच्या गॅरिक क्लबमध्ये जिन, लिंबाचा रस व साल, साखर, माराशिनो हे चेरीचे मद्य आणि बर्फात थंड केलेले सोडावॉटर यांचे पंच लोकप्रिय झाले. फ्रेंच ७५ ची चौकट येथे जवळजवळ पूर्ण झालेली दिसते. उणीव फक्त शॅम्पेनची. बर्फही याच सुमारास व्यापारी वस्तू बनला. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने तळ्यांतील बर्फ भुशात बांधून १८३३ मध्ये थेट कलकत्त्यास पाठविला आणि पुढे मुंबईतही अमेरिकन बर्फ साठविण्याचे बर्फघर उभे राहिले. मुंबईतील श्रीमंतांना बॉस्टनच्या तळ्यांचे पाणी गोठलेल्या रूपात चाखावयास मिळावे, ही त्या शतकातील व्यापाराची एक गंमतच म्हणावी लागेल.

दुसरा मार्ग म्हणजे शॅम्पेन. ही फेसाळ वाइन हॉव्हिलेर मठातील दों पेरिन्यों या भिक्षूने शोधून काढली, ही कथा लोकप्रिय असली तरी इतिहासाला धरून नाही. बाटलीत पुन्हा होणारे किण्वन त्याच्या दृष्टीने दोषच होता. वाइनमध्ये साखर घालून ती चुरचुरीत करण्याच्या पद्धतीची माहिती क्रिस्टोफर मेरेट याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे १६६२ मध्येच मांडली होती. कोळशाच्या भट्टीत तयार होणारी इंग्लिश काच अधिक बळकट असल्याने आतील दाब तीच सोसू शके. भरलेल्या बाटलीतील हा दाब वातावरणीय दाबाच्या सु. पाच ते सहा पट असतो. फ्रान्समध्ये पंधराव्या लूईच्या शासनाने शॅम्पेनची बाटल्यांतून वाहतूक करण्यास १७२८ मध्ये परवानगी दिली आणि मग या व्यापाराचा विस्तार झाला. एकोणिसाव्या शतकातील बहुतेक शॅम्पेन अतिशय गोड असे. इंग्रज ग्राहकांच्या आवडीमुळे पॉमरी या पेढीने १८७४ च्या हंगामाची कोरडी, म्हणजे अत्यल्प साखरेची, शॅम्पेन तयार केली व तीच पुढे प्रमाण ठरली. याचा परिणाम कॉकटेलवर झाल्यावाचून राहिला नाही. गोड शॅम्पेनमध्ये लिंबू-साखर घातल्यास मिश्रण मिट्ट होते. कोरडी शॅम्पेन मात्र आंबट-गोडाचा तोल सांभाळते.

कॉकटेल या शब्दाची व्याख्या न्यूयॉर्क राज्यातील हडसन गावच्या एका वृत्तपत्राने १८०६ मध्ये दिली : मद्य, साखर, पाणी व कडू अर्क यांचे मिश्रण. त्यात लिंबू नव्हते. लिंबू पंचाकडून आले. जेरी टॉमस या अमेरिकन मद्यपरिवेषकाच्या १८६२ च्या पुस्तकात एकेका पेल्यापुरती पंचे आणि शॅम्पेन कॉकटेल ही दोन्ही शेजारी नांदतात. शॅम्पेन कॉकटेल चांगले हलवावे, अशी तेथे दिलेली सूचना मात्र पाळण्यासारखी नाही. तसे केल्यास वायू निघून जातो आणि पेय छतापर्यंत उडण्याचाही संभव असतो.

‘७५’ या नावाची पेये पहिल्या महायुद्धाच्या काळात प्रचारात आली. पण ती आजच्याहून वेगळी होती. पॅरिसच्या हॅरीज न्यूयॉर्क बारशी ज्याचे नाव जोडले जाते, त्या हॅरी मॅकएल्होनच्या १९२२ च्या पुस्तकातील ‘७५’ मध्ये जिनसोबत सफरचंदाचे कॅल्व्हाडोस हे मद्य आहे, शॅम्पेन नाही. त्यामुळे आजच्या पेयाचे जनकत्व त्याला सरसकट देणे उचित नाही. जिन, लिंबू, साखर व शॅम्पेन ही रचना १९२७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तिकेत या नावाने आढळते आणि हॅरी क्रॅडॉकच्या ‘सॅव्हॉय कॉकटेल बुक’ (१९३०) या ग्रंथामुळे ती सर्वत्र पोहोचली. क्रॅडॉक हा अमेरिकेतील मद्यबंदीमुळे (१९२०–३३) लंडनला आलेला परिवेषक होता. लंडनच्याच बक्स क्लबमधील संत्र्याचा रस व शॅम्पेन यांचे बक्स फिझ (१९२१) हे याच काळातील सौम्य भावंड होय.

या काळाचे महत्त्व पाककृतीपेक्षा सामाजिक बदलात अधिक आहे. अमेरिकेतील जुन्या मद्यगृहांत प्रतिष्ठित स्त्रियांना सहसा प्रवेश नसे. मद्यबंदीच्या काळातील चोरट्या अड्ड्यांत आणि यूरोपातील मोठ्या हॉटेलांत स्त्री-पुरुष एकाच मेजाशी बसू लागले. सुरतेच्या मेजवानीत जिच्या नावाने पेला उचलला जाई ती स्त्री तेथे नसे; आता ती समोर बसलेली होती आणि तिचा स्वतःचा पेला होता. वाडग्याचा अस्त आणि निमुळत्या पेल्याचा उदय या बदलाशी संबंधित आहे, असे म्हणण्यास जागा आहे. ‘कॅसाब्लँका’ (१९४२) या ताटातुटीच्या प्रेमकथेवरील चित्रपटात फ्रेंच ७५ मागविले जाते. तेव्हापासून चित्रपटप्रेमींच्या मनात युद्ध, पॅरिस व प्रेम यांचे या पेयाशी साहचर्य जडले.

कृती सोपी असली, तरी तिचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम पेला व शॅम्पेन पुरेशी थंड करतात, कारण तापमान कमी असेल तेवढा कार्बन डाय-ऑक्साइड द्रवात अधिक विरघळलेला राहतो. एका पेल्यासाठी ३० मिली. जिन, १५ मिली. ताजा लिंबूरस व तेवढाच साखरेचा पातळ पाक बंद भांड्यात बर्फाबरोबर दहा-पंधरा सेकंद जोराने हलवून गाळून घेतात. नंतर पेला तिरपा धरून त्यात सु. ७५ मिली. शॅम्पेन हळूहळू ओततात व चमच्याने एकदाच ढवळतात. शेवटी लिंबाच्या सालीची पातळ पट्टी पेल्यावर पिळून तिच्यातील तेलाचा शिडकावा देतात. पसरट पेला दिसण्यास सुंदर असला, तरी पृष्ठभाग मोठा असल्याने त्यातून वायू लवकर निसटतो. रस आयत्या वेळीच काढावा लागतो; साठविलेल्या रसाचा ताजा वास उडून जातो.

पंचाची पाचही अंगे येथे ओळखता येतात : जिन हे तीव्र मद्य, लिंबू व साखर ही आंबट-गोडाची जोडी, सुगंधासाठी जिनमधील ज्यूनिपरची फळे व लिंबाची साल आणि पाण्याच्या जागी शॅम्पेन. मात्र हा शेवटचा बदल फसवा आहे. पाणी मद्याचा जोर कमी करते, तर शॅम्पेनमध्येच सु. १२ टक्के मद्यार्क असल्याने ती त्यात भर घालते. वरील प्रमाणात एका पेल्यात सु. २१ मिली. शुद्ध मद्यार्क जातो. शिवाय विरघळलेल्या वायूमुळे मद्यार्काचे शोषण अधिक जलद होते, असे काही प्रयोगांत आढळले आहे. चवीला हलके व परिणामाला जड अशा या पेयास तोफेचे नाव का पडले, हे यावरून समजते. मद्य वर्ज्य असणाऱ्यांसाठी लिंबूरस, पाक व सोडा यांचे मिश्रण याच क्रमाने करता येते. महाराष्ट्रातील गोटी सोड्याच्या गाड्यांवर मिळणारा लिंबू-सोडा हा त्याच कुळातला आहे.

शॅम्पेन हे नाव फ्रान्समधील त्या प्रदेशातील वाइनपुरते कायद्याने राखीव आहे. इतरत्र तयार झालेली फेसाळ वाइनही या कॉकटेलसाठी वापरतात. महाराष्ट्रात बाटलीतील दुसऱ्या किण्वनाच्या पारंपरिक पद्धतीने अशी वाइन १९८० नंतरच्या दशकात जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे तयार होऊ लागली. पुढे नासिक परिसर तिचे मुख्य केंद्र बनला. गोव्यात काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले. फ्रायरने वाखाणलेला अर्क मात्र माडाचा होता आणि माडाची फेणी आजही प्रामुख्याने दक्षिण गोव्यात काढली जाते.